मोगऱ्याला कळ्या, वायरीला घरटं

बी ३०२ काकू: मंडळी, मोगरा धरला! संक्रांतीनंतर छाटून सगळी पानं ओरबाडली होती, तेव्हा ए १०१ म्हणत होते, "काकू, झाड गेलं की ओ." आता बघा, प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका. फोटो टाकलाय, मोठा करून बघा.

ए १०१: झकास! पण पाणी कुठनं घालता? नळ काय रोज येत नाही आपल्याकडं.

बी ३०२ काकू: डाळ-तांदूळ धुतलेलं. छाटणीच्या आधी तर पाणी तोडायचंच असतं, मोगऱ्याला ताण बसला पाहिजे. मग शेणखत, मग पाणी. आपलं सोलापूरचं ऊन त्याला मानवतं, रडतो आपण.

सी २०४: विषय निघालाच आहे तर एक विनंती. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये केबलच्या वायरीला शिंजीरनं घरटं बांधायला घेतलंय. कचरा समजून कुणी ओढू नका. दिसतं कचऱ्यासारखंच म्हणा: वाळक्या काड्या, कोळ्याची जाळी, सालपटं आणि आमच्या पायपुसण्याचे लाल दोरे. पण आत जायचं भोक बाजूला आहे आणि त्याच्यावर छोटासा छज्जासुद्धा काढलाय. सगळं मादी एकटीच करायलीय. नर खालच्या जास्वंदीवर बसून गातोय.

बी १०५ वहिनी: आमच्याकडंही असंच आहे 😄

चेअरमन काका: त्या पॅसेजला सोमवारी पेंटर येणार आहे. ॲडव्हान्स दिलाय.

सी २०४: काका, अंडी घातली की उबवायला साधारण पंधरा दिवस, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच आणखी. आधी बी विंग उरका की.

चेअरमन काका: बी विंगवाले पाडव्याच्या आत रंग पाहिजे म्हणून मागं लागलेच आहेत. बोलतो पेंटरशी.

ए ४०३: खालच्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण झालाय, पांढरं पांढरं. उद्या औषध मारणार होतो, मारू का?

सी २०४: नको नको! शिंजीर फुलातला रस पितो हे खरं, पण पिल्लांना भरवतो ते किडे आणि कोळी. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून फांद्या पुसून घ्या. हाताला काम, पण होतं.

ए ४०३: बरं. आणि कडुनिंबाच्या पाचोळ्याचं काय? रोज गाडीवर सडा. कोणतरी गेटजवळ पेटवतं, धूर आमच्या बेडरूममध्ये.

बी ३०२ काकू: जाळायचं कशाला? कुंड्यांत घाला. दोन बोटं जाड थर, खोडापासून जरा लांब. पुढच्या महिन्यात पारा चाळिसाला जाईल तेव्हा मातीतली ओल टिकेल. आणि त्या झाडाला नावं ठेवू नका, वर बघा जरा, तांबूस पालवी काय सुंदर आलीय! पाडव्याला चटणीसाठी फुलोरा त्याचाच न्यायला येता की सगळे.

चेअरमन काका: वॉचमनला सांगतो, जाळायचं बंद. पोत्यात भरून पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवेल. लागेल त्यानं न्यावं.

ए १०१: एक पोतं माझं.

बी ३०२ काकू: कुंडी कुठाय तुमच्याकडं?

ए १०१: तुम्ही मोगऱ्याची फांदी द्या की ओ, कुंडी आजच आणतो.

बी ३०२ काकू: फांदी पावसाळ्यात. आत्ता कळ्या आहेत, कात्री लावू देणार नाही.