संग्रहालयातल्या निसर्गविज्ञान दालनात वस्तूंना हात लावू द्यावा का?

गारगोटी: छोट्या प्रादेशिक संग्रहालयांत निसर्गविज्ञान म्हणजे बहुतेक वेळा काचेमागे पेंढा भरलेले प्राणी, खाली पिवळी पडलेली चिठ्ठी आणि ‘हात लावू नये’. मुलं दोन मिनिटांत पुढे पळतात आणि त्यांचं काही चुकत नाही. निदान एक टेबल असं हवंच जिथे वस्तू हातात घेता येईल. साधं पंखातलं पीस घ्या, मधेच बोटाने फाकवलं की चीर पडते आणि चिमटीत धरून खालून वर सरकवलं की परत जुळतं, कारण त्याच्या बारीक तंतूंना आकडे असतात जे एकमेकांत अडकतात. हे काचेतून कसं कळणार? फ्रँक ओपनहायमरने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं तेच हाताने करून बघण्यासाठी.

जुनं_कपाट: पूर्ण असहमत. एक्स्प्लोरेटोरियमकडे सांभाळायला जुने नमुने नव्हते, प्रादेशिक संग्रहालयाचं पहिलं कामच ते आहे. हाताचा घाम आणि तेल लागून लागून केस, पिसं खराब होतात. शिवाय जुने पेंढा भरलेले प्राणी किडीपासून वाचवायला आर्सेनिक वापरायचे, विसाव्या शतकातही वापरलंय, त्याला लहान मुलांनी हात लावायचा? आणि ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं तो टाइप स्पेसिमेन गेला की गेला, दुसरा आणणार कुठून?

गारगोटी: टाइप स्पेसिमेन टेबलावर ठेवा असं मी कुठे म्हटलं? हाताळायचा संच वेगळाच करायचा, त्यात जुनं काही नाही. खनिजं ठेवा: क्वार्ट्झने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही, उलट त्याच्यावर विरळ ॲसिडचा थेंब टाकला की तो फसफसतो (ॲसिड अर्थात मोठ्या माणसाच्या हातात). गायीची कवटी द्या, वरच्या जबड्याला पुढे दातच नाहीत हे बोट फिरवल्यावर जे लक्षात राहतं ते चिठ्ठी वाचून राहत नाही. पिसं पाळीव पक्ष्यांची घ्या, काही देशांत रानपक्ष्यांची बाळगायला कायद्याने बंदी आहे.

खटका: हँड्स-ऑनच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी नुसती बटणं असतात, बटण दाबलं दिवा लागला, संपलं. टचस्क्रीन तर अर्धा वेळ बंदच. टेबलापाशी समजावून सांगणारा माणूस नसेल तर माझं मत विरोधात, कारण नुसता दगड हातात देऊन काय होणार.

जुनं_कपाट: आणि तो माणूस येणार कुठून? एवढ्याशा संग्रहालयात क्युरेटरच, म्हणजे संग्रह सांभाळणाराच, नोंदी करतो, तोच चामडी आणि पिसं खाणारे डर्मेस्टिड किडे शोधतो. आधी आतलं वाचवा, टेबल नंतर. फारच हौस असेल तर रेझिनच्या प्रतिकृती ठेवा.

चाहूल: ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हे ‘नंतर’ म्हणजे कधी? काचेचं कपाट त्यांच्यासाठी बंद भिंत आहे, दालनातला एकही प्राणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शार्कची कातडी डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागते, हे तर डोळस माणसालाही हातानेच कळतं. माझा गारगोटीला पूर्ण पाठिंबा.

गारगोटी: प्रतिकृती कवटीच्या आकारापुरत्या चालतील, पण पक्ष्याच्या हाडाची भरीव रेझिनची प्रत केलीत तर वजन चुकणार. बरीचशी हाडं आतून पोकळ असतात, आणि मुलाने हाड उचलून ‘इतकं हलकं?’ असं विचारायला हवं ना, ते त्या प्रतीने होणार नाही.