मदत हवी आहे: कॅन्सरच्या उपचारांनंतर झोपेसाठी ॲक्युपंक्चर, मुंबईत कुणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. वय ६१, मुलुंडला असते. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं उरकलं, आता फक्त लेट्रोझोलची (इस्ट्रोजेन हॉर्मोन कमी करणारी) गोळी चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत, पण झोप पार उडालीय. अकराला आडवी होते, दीड-दोनला घामाने गाऊन भिजतो, पंखा पाचवर करते, दहा मिनिटांत हुडहुडी भरते म्हणून शाल घेते. मग पहाटेच्या लोकलचा आवाज येईपर्यंत टक्क जागी. नातेवाईक म्हणतात, "जीव वाचला ना, मग झोपेचं काय एवढं!" मला हे अजिबात पटत नाही. दिवसेंदिवस झोप नसलेलं माणूस कसं खंगतं ते मी रोज बघतेय.

शेजारच्या काकूंच्या मुलाने सिंगापूरहून चिनी पावडर आणून दिलीय, सुआन झाओ रेन. म्हणजे एका जंगली बोराच्या बिया, चीनमध्ये झोपेसाठी जुन्या काळापासून यांचा काढा देतात. पण पाकिटावर बाकीचे घटक चिनी लिपीत आहेत. काही चिनी वनस्पतींतलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड किडनी निकामी करतं, शिवाय त्यानेच कॅन्सर होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी घटक बघितल्याशिवाय चमचाभरसुद्धा द्यायची नाही, हे मी ठरवलंय. आईचं चालूच आहे, "अगं, झाडपाल्याने काय होतंय?"

सुयांचा मात्र गंभीरपणे विचार करतेय. २०१९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. कॅन्सरमधून बाहेर पडलेले १६० जण, आठ आठवडे. निम्म्यांना ॲक्युपंक्चर, निम्म्यांना निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायला शिकवणारी, बोलून करायची थेरपी. झोप दोन्हीकडे सुधारली, सीबीटीने जास्त.

तर सेंट्रल लाइनवर, महाराष्ट्र ॲक्युपंक्चर कौन्सिलकडे नोंदणी असलेलं आणि कॅन्सरचे पेशंट हाताळलेलं कुणी माहीत आहे का? आईच्या डाव्या काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्यात, हात सुजू नये म्हणून त्या हातावर बीपीसुद्धा घेत नाहीत. एका ठिकाणी फोनवर हे सांगितलं तर "तसं काही नसतं" म्हणाले. तिथे नेणार नाही. आणि ही सीबीटी मराठीतून कोण करतं? इंग्रजीत आई मोकळी होत नाही.

प्रतिसाद

ताई, पावडर थांबवलीत हे उत्तम केलंत. सुया सीलबंद, एकदाच वापरायच्या आहेत ना ते समोर उघडून घ्या. रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी ऑन्कोलॉजिस्टना विचारा. रात्रीच्या घामाचंही त्यांना स्पष्ट सांगा, त्यावर वेगळी औषधं असतात. डाव्या हाताला सुई नकोच. सीबीटीतलं एक आम्ही घरी पाळतो: झोप येत नसेल तर पलंगावर लोळत राहायचं नाही, बाहेर येऊन बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ तीच. पहिले काही दिवस जड जातात, आईंना आधी सांगून ठेवा.