भिंती वाकतात त्या जाडीमुळे नव्हे

टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या मूर्तींसाठी इमारती बनवताना ५ मिमीचा फोमबोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला बोर्ड) वाकतो म्हणून सरळ १० मिमीचा घ्या, हा या चर्चेत आधी कुणी दिलेला सल्ला पटला नाही. वाकण्याचं खरं कारण ओलावा. बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो. बाहेरून पीव्हीए गोंद (नेहमीचा पांढरा गोंद) आणि वाळूचं टेक्श्चर दिलं की त्या बाजूचा कागद आधी फुगतो, मग वाळताना आखडतो आणि भिंतीला स्वतःच्या बाजूला ओढतो. आतला कागद कोरडाच असल्यामुळे ओढ एकतर्फी राहते. म्हणून पाणी घातलेल्या पीव्हीएचा पातळ हात एकाच बैठकीत दोन्ही बाजूंना द्यावा. भिंती आधी तळपट्टीवर काटकोनात चिकटवून, कोपऱ्यांत आतून त्रिकोणी आधार लावून मगच टेक्श्चरला हात घालावा. सुट्या भिंतीवर टेक्श्चर दिलं तर ती हमखास वाकणार.

स्प्रे प्रायमरबद्दल (रंगाआधी फवारायच्या अस्तराबद्दल) इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. त्यातलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन, म्हणजे बोर्डातला फोम, विरघळवतं. कागदाखालचा फोम वाचतो, पण खिडक्या-दारांच्या कापलेल्या कडा उघड्या असतात आणि तिथेच खड्डे पडतात. काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि पीव्हीए एकत्र करून त्या कडा ब्रशने दोनदा नीट भरा. खिडकीचे आतले कोपरे हटकून सुटतात, तिथे बारीक ब्रश लागतोच. हा थर पूर्ण वाळल्यावरही पहिला स्प्रे लांबून, हलकाच मारावा.

दाराचं मापही आत्ताच ठरवा. २८ मिमीची मूर्ती २५ मिमीच्या बेसवर (मूर्तीखालच्या गोल चकतीवर) असेल तर दार निदान ३० मिमी रुंद हवं, नाहीतर बेस चौकटीत अडकतो.