पीएचपी: दोन अ‍ॅरे जोडले की पिनकोडच्या की गायब होतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बहिणीच्या फराळाच्या घरगुती व्यवसायासाठी वेबसाइट करतेय, पीएचपी ८.२ या प्रोग्रॅमिंग भाषेत. कुरिअरचा दर पिनकोडप्रमाणे बदलतो, म्हणून असोसिएटिव्ह अ‍ॅरे केला. त्यात प्रत्येक व्हॅल्यूला ओळखीची एक की असते; इथे की म्हणजे पिनकोड, व्हॅल्यू म्हणजे रुपये: '४११००१' ला ६०, '४२२००१' ला ८०, '४४०००१' ला ११०. दिवाळीत काही ठिकाणचे दर वाढतात, ते दुसऱ्या अ‍ॅरेत ठेवलेत. दोन्ही अ‍ॅरे-मर्ज या फंक्शनने एकत्र केले की पिनकोड जातात आणि ०, १, २, ३ अशा की उरतात. मग पुण्याचा दर मागितला की 'अनडिफाइन्ड अ‍ॅरे की'ची वॉर्निंग.

कोडं असं, की हाच कोड एसटीडी कोडच्या यादीला व्यवस्थित चालतो. '०२०' पुणे, '०२२' मुंबई, '०७१२' नागपूर, सगळं जागच्या जागी. दोन्हीकडे की अवतरणचिन्हांत लिहिल्यात, म्हणजे दोन्ही स्ट्रिंगच (मजकूर) ना? आत काय आहे ते दाखवणाऱ्या व्हार-डम्पमध्ये मात्र एसटीडी कोड अवतरणात दिसतात आणि पिनकोड नुसते.

मर्जऐवजी अधिकचं चिन्ह वापरून बघितलं. की टिकल्या, पण जो पिनकोड दोन्हीकडे आहे त्याचा जुनाच दर येतो. कमी पैसे घेतले तर फरक बहिणीच्या खिशातून जाणार, त्यामुळे नुसता तोडगा नको, नियम समजून घ्यायचाय.

प्रतिसाद १

पीएचपीच की बदलतं. स्ट्रिंगमध्ये साधी पूर्ण संख्या असेल तर की म्हणून तिचा इंटिजर (पूर्णांक) होतो. '०२०'च्या सुरुवातीला शून्य आहे. त्याचा २० केला तर मूळ मजकूर परत मिळणार नाही, म्हणून ती स्ट्रिंगच राहते. अ‍ॅरे-मर्ज स्ट्रिंग कींना हात लावत नाही, इंटिजर कींना मात्र शून्यापासून नवे क्रमांक देतं. तीन ठिपके लावून जोडण्याचंही (स्प्रेड) तसंच.

तुम्हाला अ‍ॅरे-रिप्लेस हवं. आधी नेहमीचे दर द्या, मग दिवाळीचे. की टिकतात आणि नंतरच्या अ‍ॅरेतली व्हॅल्यू लागू होते. अधिकच्या चिन्हात उलट, डावीकडचं कायम राहतं. दिवाळीचे दर डावीकडे घेतले तरी चालेल, पण मग यादीत तेच पिनकोड आधी येतील. ड्रॉपडाउन भरणार असाल तर ते खटकेल.

प्रतिसाद २

वरच्याला जोडून: फोरीचमध्ये, म्हणजे यादीतली एकेक नोंद घेताना, मिळणारा पिनकोड इंटिजर असेल आणि फॉर्ममधून येणारा स्ट्रिंग. तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केलीत तर कधीच जुळणार नाही, कारण त्यात प्रकारही सारखा लागतो. तुलनेआधी की स्ट्रिंगमध्ये बदलून घ्या. थेट की देऊन दर काढताना ही अडचण नाही, तिथे पीएचपी तोच नियम पुन्हा लावतं.

धागाकर्ती

अ‍ॅरे-रिप्लेसने दर बरोबर आले, दोघांचे मनापासून आभार. तीन बरोबरची तुलना 'या भागात डिलिव्हरी आहे का' हे तपासताना खरंच होती, तीही बदलली.