दफन म्हणजे जमीन अडवणं? काल लिहिणाऱ्याला माझं उत्तर

शाहूपुरीतला थोरला:
काल इथं एकानं लिहिलंय की शहरात जागा नाही, ख्रिश्चनांनी आता दहन सुरू करावं, शेवटच्या दिवशी हाडं उठून चालणार असल्या समजुतीपायी किती जमीन अडवणार. रात्रभर डोक्यातनं गेलं नाही म्हणून लांबड लावतोय.

हाडं शाबूत असली तरच देव उठवणार असं आमच्यात कोण मानत नाही. बायबलात पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय आमच्यात मातीच्या वेळी वाचतात, त्यात पौल सरळ पेरणीचं बोलतो, टाकतो तो नुसता दाणा, आणि तो मेल्याशिवाय उगवत नाही. आम्ही माणूस पुरून ठेवत नाही, पेरतो. इ.स. 177 ला आत्ताच्या फ्रान्समधल्या ल्योन शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख मुद्दाम ऱ्होन नदीत टाकली, आता उठा म्हणून. त्यानं कुणाचा विश्वास वाहून गेला नाही. मग पुरायचं कशाला, तर देह म्हणजे जुना सदरा नव्हे, फाटला की टाकला. उठलेल्या प्रभूच्या अंगावर जखमा तशाच होत्या, शिष्यांसमोर त्यानं भाजलेला मासा खाल्ला. हाच देह, पण बदललेला.

माझे वडील जुलैत गेले. खड्डा काढला तसं खालनं पाणी लागलं, दोन पोरं डब्यानं उपसायलीत, पाळकसाहेब छत्रीत वाचायलेत आणि पानं एकमेकाला चिकटायलीत. मी मूठ टाकली ती माती कसली, चिखलच, पेटीवर थप्पकन बसला आणि माझ्या बोटांचे ठसे तसेच राहिले. आई म्हणाली, रोपलावणीतच गेले बघ. ती जागा अडवलेली वाटत असेल तर तू कधी कुणाला मूठमाती दिलेली नाहीस.

पंचगंगाकाठी:
मीच लिहिलंवतं. वडिलांचं वाचून वाईट वाटलं, हाडांचं वाक्य चुकलं, मागं घेतो. जागेचं घेत नाही. आमच्यात महापालिका दहन फुकट करते, होळीला लोक चितेसाठी शेण्या दान करतात, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, जागा मोकळी. 2019 च्या पुरात घाटावरची स्मशानभूमीच पाण्यात गेली तेव्हा चुलत्याला घेऊन आम्ही कुठं कुठं फिरलो ते मला माहीत आहे, जागेचा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. आणि येशूला तरी मातीत कुठं पुरलंवतं? खडकात कोरलेली कबर होती, ती पण दुसऱ्याची, अरिमथाईच्या योसेफाची.

कागलकर:
आम्ही लिंगायत, आमच्यात पण बसवून पुरतात. आम्हाला कोण विचारत नाही, जमीन का अडवली म्हणून. विचारायचं तर सगळ्यांना विचारा.

फुलेवाडीची:
थोरलेदादा, पेरणं पेरणं फार छान लिहिलंय. माझा नवरा 2021 ला कोविडनं गेला. दहन झालं, मला लांबनं बघू दिलं. नंतर आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं घरी येऊन, माझा चहा पिता पिता विचारलं, मग आता तो कसा उठणार गं? ल्योनची राख तुम्हाला माहीत आहे तर हे व्यासपीठावरनं का नाही सांगत कोण? बाहेरच्याला उत्तर द्यायला सगळे पुढं, घरातल्या बाईला कोण सांगायचं?

शाहूपुरीतला थोरला:
ताई, बरोबर आहे तुमचं. मी पण कधी बोललो नाही मंडळीत. त्या बाईला म्हणावं, ज्यानं मातीतनं माणूस केला त्याला राख अवघड नाही.

वसईकर सून:
आम्ही कॅथलिक. रोमनं 1963 लाच दहनाला मोकळीक दिली, दफन पसंत, पण दहन केलं म्हणून विधी नाकारायचा नाही. 2016 ला परत सांगितलं की राख उधळायची नाही, घरात ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. आणि दादांना एक विचारते, जागा माणसानं अडते का फरशीनं? चार फूट उंच ग्रॅनाईट, साखळ्या, संगमरवरी देवदूत. त्याच्याखाली दुसरा माणूस कसा जाणार?

राजारामपुरी 7 वी गल्ली:
ग्रॅनाईट आमचं आहे. आई दुसऱ्यांची धुणीभांडी करून मेली, तिच्या नावाची पाटी आयुष्यात कुठं लागली नाही. मी 6 वर्षं पैसे साठवून तिला दगड घातला. तुम्ही कोण मला मोजमाप सांगायलायसा?

वसईकर सून:
नाव लावा की, नाव नको कोण म्हणतंय? एक वीतभर पाटी बास होते. बाकीची फरशी आईला नाही, बघणाऱ्याला आहे.

राजारामपुरी 7 वी गल्ली:
तोंड सांभाळून बोला. तिच्या दगडावर दर ईस्टरला पहाटे मी पाणी ओततो, हातानं पुसतो, कोण बघायला नसतंय.

पंचगंगाकाठी:
भांडू नका. मी काल रात्री जरा वाचलं. पहिल्या शतकात यरुशलेमात देह खडकातल्या कबरीत ठेवायचे, वर्षभरानं हाडं गोळा करून दगडी पेटीत, आणि ती जागा घरातल्या पुढच्याला. म्हणजे दफन पण राहतंय, जागा पण. मग फरशीनं कबर कायमची बंद करायची रीत बायबलातली नाही, आपली आहे. दहन कराच म्हणणं सोडलं मी, पण हे तरी माना.

शाहूपुरीतला थोरला:
एवढं मानतो. वडिलांवर मी मातीच ठेवलीय, आई त्यांच्यातच जाणार म्हणून.

फुलेवाडीची:
वसईच्या ताईंनी घरात ठेवायची नाही लिहिलंय ते वाचून हात थांबला माझा. माझ्या नवऱ्याची राख अजून कपाटात आहे, लग्नातल्या साडीखाली. कुणाला बोलले नाही. सासूबाईंच्या कबरीत ठेवावी असं फार वाटतं, पण दिरांनी वर ग्रॅनाईट टाकलाय आणि फोडायला नको म्हणतात.

वसईकर सून:
ताई, तुम्हाला लागेल असं लिहायचं नव्हतं मला.

राजारामपुरी 7 वी गल्ली:
फोडायला लागत नाही. डोक्याकडची कडेची लादी सांध्यातनं सुटते, हातभर खड्डा काढून परत बसवायची, काम अर्ध्या दिवसाचं. आमच्या आईचं ज्यानं केलं तो गवंडी आहे माझ्याकडं. फरशीबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही, पण दिरांशी मी बोलतो पाहिजे तर.

शाहूपुरीतला थोरला:
पाळकसाहेबांना मी सांगतो. तो 15 वा अध्याय तिथं पण वाचायचा, पूर्ण.

फुलेवाडीची:
पावसाआधी होईल का?