ऑफिसने पर्चेस कार्ड दिलंय, वापरताना काय सांभाळायचं?

फाइलवाली:
नमस्कार मंडळी. टीमच्या किरकोळ खरेदीसाठी ऑफिसने माझ्या नावाचं पर्चेस कार्ड काढून दिलंय. आतापर्यंत आधी स्वतःच्या खिशातून भरा, मग क्लेम टाका, मग अकाउंट्सच्या मागे लागा असा प्रकार होता, तो संपणार म्हणून बरं वाटलं होतं, पण कार्डाबरोबर जो करार सहीला आला तो वाचला आणि आनंद जरा उतरला. पावती नसेल तर पगारातून कापणार, वैयक्तिक खर्च दिसला तर कारवाई, वगैरे वगैरे. ट्रेनिंग म्हणून एक पीपीटी पाठवलीय, तिच्यात "जबाबदारीने वापरा" हे जवळजवळ प्रत्येक स्लाइडवर आहे, पण म्हणजे नक्की काय करा ते कुठेच नाही.

आत्ताच दोन गोष्टी समोर आहेत. एक, प्रिंटर घ्यायचाय आणि टोनर धरून तो माझ्या एका व्यवहाराच्या लिमिटच्या जरासा वर जातोय. दुकानदार म्हणतो काळजी करू नका मॅडम, दोन बिलं करून देतो, कार्ड दोनदा स्वाइप करा. दुसरं, आमचे मॅनेजर म्हणतात कार्डाचा पुढूनमागून फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकून ठेव, तू सुट्टीवर असलीस तरी कोणाचं अडायला नको. माणूस चांगला आहे, हेतू वाईट नाही, पण मला ते कसंतरीच वाटतंय. नाही कसं म्हणू? आणि अजून काय लक्षात ठेवायचं ते ज्यांनी वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

खर्डेघाशी:
अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही घ्या. मी अकाउंट्समध्ये आहे, म्हणजे ज्यांच्या मागे तुम्ही लागायचा त्यांच्यातलाच :)

प्रिंटरचं दुसरे सांगतीलच, मी बिलांबद्दल बोलतो कारण आमची निम्मी भांडणं तिथेच होतात. मशीनमधून निघते ती चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. तिच्यावर रक्कम, तारीख आणि दुकानाचं नाव असतं, काय घेतलं ते नसतंच. आम्हाला लागतं ते वस्तूवार बिल, कंपनीच्या नावाने, आणि कंपनीचा टॅक्स नंबर लागत असेल तर तो घातलेलं. हे काउंटरवर उभं असतानाच मागायचं, कारण पैसे मिळाल्यावर दुकानदाराला तुमच्या बिलात काडीचा रस नसतो. ऑनलाइन खरेदीत लोक ऑर्डर कन्फर्मेशनचा मेल जोडून मोकळे होतात, ते पण बिल नाही, बिल बहुतेक वेळा माल निघाल्यावर तयार होतं आणि स्वतः जाऊन डाउनलोड करावं लागतं. आणि त्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यात उडते, फोटो तिथल्या तिथे काढा.

दुसरी गोष्ट अगदी साधी आहे तरी दहातले नऊ जण करत नाहीत. का घेतलं ते त्याच दिवशी एका ओळीत लिहायचं. "ऑफिस सामान" असं नको, ते वाचून मला काय कळणार. "नवीन आलेल्या दोघांसाठी कीबोर्ड, अमक्या तारखेच्या मेलवरून" असं लिहा. महिनाअखेरीला स्टेटमेंट येतं तेव्हा कधी कधी दुकानाचं नाव सुद्धा ओळखू येत नाही कारण पैसे तिसऱ्याच पेमेंट कंपनीच्या नावावर पडलेले असतात, आणि मग आम्ही विचारतो हे काय आणि समोरचा म्हणतो बघून सांगतो, आणि ते बघणं काही होत नाही.

स्टेटमेंट पण ओळ न ओळ बघा हो, नुसतं सबमिट दाबू नका. एकच रक्कम दोनदा लागलीय का, परत केलेल्या मालाचा रिफंड आला का. बँकेकडे तक्रार करायला मुदत असते, ती उलटली की मग कंपनीचे पैसे गेले ते गेले.

लाल_पेन्सिल:
इंटर्नल ऑडिटमध्ये आहे. प्रिंटरचं उत्तर: नाही, अजिबात नाही.

एक खरेदी लिमिटखाली बसवायला तिचे तुकडे करणं हे पर्चेस कार्डच्या ऑडिटमध्ये आम्ही सगळ्यात आधी शोधतो, आणि शोधायला फार अक्कल लागत नाही. एकच कार्ड, एकच व्हेंडर, एकच दिवस किंवा लागोपाठचे दिवस, प्रत्येक रक्कम लिमिटच्या आत आणि बेरीज बाहेर. एक्सेलमध्ये पिव्होट टाकलं, म्हणजे व्हेंडर आणि तारखेप्रमाणे बेरजा मांडल्या, की वर तरंगतंच. काही जण हुशारी करून अर्धं स्वतःच्या कार्डावर आणि अर्धं शेजारच्याच्या कार्डावर घेतात, ते पण दिसतं, व्हेंडर तोच असतो ना. टोनर वेगळी वस्तू आहे हा बचाव चालत नाही कारण गरज एकच आहे आणि एकाच वेळची आहे. तीन महिन्यांनी टोनर संपला म्हणून घेतला तर ती वेगळी खरेदी.

थोडं अवांतर, पण मला हे फार आवडतं म्हणून सांगतो. खऱ्या खर्चाच्या मोठ्या यादीत १ ने सुरू होणाऱ्या रकमा साधारण ३० टक्के असतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या ५ टक्क्यांच्याही खाली. सायमन न्यूकम्बने १८८१ मध्ये लॉगॅरिदमच्या पुस्तकाची सुरुवातीची, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, पानं जास्त मळतात हे बघून ही गोष्ट मांडली होती, पुढे फ्रँक बेनफर्डने १९३८ मध्ये ढीगभर आकडे जमवून दाखवलं म्हणून नियम बेनफर्डच्या नावावर आहे. आता लिमिट समजा ५००० आहे आणि लोक तुकडे पाडतायत, तर ४ ने सुरू होणाऱ्या रकमा नको तितक्या फुगतात. हा पुरावा नव्हे, पण खणायचं कुठे ते कळतं.

सरळ रस्ता असा: कार्ड सांभाळणारं जे कोणी असेल, फायनान्स किंवा अ‍ॅडमिन, त्यांना खरेदीच्या आधी मेल करा की एवढ्याची वस्तू आहे, एका व्यवहारापुरतं लिमिट वाढवता येईल का. बऱ्याच ठिकाणी ते बँकेच्या पोर्टलवरून करता येतं. नाही म्हणाले तर कोटेशन मागवून पीओ, म्हणजे रीतसर पर्चेस ऑर्डर, काढायचा. वेळ लागेल, लागू दे, लिमिट ठेवलेलंच असतं ते त्याच्या वरच्या खरेदीला दुसऱ्या कोणाची तरी नजर पडावी म्हणून.

काठावरचा_माणूस:
मी तर म्हणतो कार्ड परत करा. पगार तेवढाच, काम वाढलं, वर पगारातून कापायची धमकी. आमच्याकडे एकीने असंच उत्साहाने घेतलं आणि आता अख्खा मजला तिच्या टेबलापाशी येऊन उभा असतो, मला हे हवं मला ते हवं.

खर्डेघाशी:
@काठावरचा, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाहीये, पण कार्ड नसेल तर ती स्वतःचे पैसे घालणार आणि क्लेम अडकला तर नुकसान तिचंच ना. त्यापेक्षा हे बरं. फक्त सही करायच्या आधी एक बघून घ्या, बँकेचे पैसे भरायची जबाबदारी कंपनीची आहे की तुमची. पर्चेस कार्डात सहसा कंपनीची असते आणि मग तुमच्या वैयक्तिक कर्जाच्या रेकॉर्डशी त्याचा संबंध येत नाही. काही कॉर्पोरेट कार्डं, विशेषतः प्रवासाची, कर्मचाऱ्याच्या जबाबदारीवर असतात, तिथे कंपनीने उशीर केला तरी बँक तुम्हाला धरते. तसलं असेल तर दोनदा विचार करा.

आणि टेबलापाशी उभे राहणाऱ्यांना मेल टाकायला सांगायचं. तोंडी मागणी घ्यायचीच नाही. निम्मी गर्दी तिथेच पांगते.

पासवर्ड_विसरलो:
फोटोचं वाचून अंगावर काटा आला. आयटीवाला आहे म्हणून असेल. कार्ड आणि टूथब्रश उसना देत नाहीत, एवढंच सांगा मॅनेजरना.

बरं, सिरियसली. ग्रुपवर टाकलेला फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये उतरतो, तिथून त्यांच्या बॅकअपमध्ये जातो, आणि जो माणूस पुढच्या महिन्यात नोकरी सोडतो त्याच्याकडेही तो राहतो. मागचा तीन आकडी सीव्हीव्ही तर इतका नाजूक मानतात की कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा नियमांप्रमाणे व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराला तो साठवून ठेवायची परवानगीच नाही, एन्क्रिप्ट करून सुद्धा नाही. तेव्हा कोणी व्हेंडर फॉर्मवर लिहून मेल करा म्हणाला तर त्याला पण नाही म्हणा, पेमेंट लिंक मागा. आणि खर्च कोणीही केला तरी नाव तुमचं आहे, उद्या काही निघालं तर "फोटो सगळ्यांकडे होता" हे सांगून तुमची सुटका होणार नाही, उलट कार्ड वाटल्याचा वेगळा मुद्दा लागेल.

मॅनेजरना नाही म्हणायला सोपं वाक्य: "सर, करारात कार्ड शेअर करायला मनाई आहे, मी सुट्टीवर असताना लागत असेल तर अजून एकाच्या नावाने कार्ड मागूया का?" म्हणजे तुम्ही नाही म्हणतच नाही, करार म्हणतोय. त्यांची अडचण खरी आहे, आणि तिला उत्तर दुसरं कार्ड हेच आहे.

अजून एक, मोठ्या साहेबांच्या नावाने मेसेज येईल, मीटिंगमध्ये आहे, अर्जंट गिफ्ट कार्डं घे आणि कोड पाठव. फ्रॉड आहे. असं काही आलं तर आधी साहेबांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा, त्या मेसेजला उत्तर देऊन खात्री करून घेऊ नका. तसंही गिफ्ट कार्डं बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत रोख पैशासारखीच धरतात आणि बंद असतात.

फाइलवाली:
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. जबाबदारी कंपनीची आहे, करारात बघितलं. प्रिंटरसाठी लिमिट वाढवायचा मेल टाकला. आणि मॅनेजरना ते वाक्य जसंच्या तसं बोलले, ते म्हणाले अरे हो का, मग माझ्याच नावाने काढ दुसरं. इतकं सोपं होतं :D

अजून दोन बारीक शंका. काल केबल घ्यायला गेले तर कार्ड डिक्लाइन झालं, लिमिट भरपूर शिल्लक होतं आणि मागच्या आठवड्यात तसलीच केबल दुसरीकडे व्यवस्थित मिळाली होती. आणि दुकानात विचारतात मेंबरशिप नंबर सांगा, पॉइंट जमा करतो. माझाच नंबर दिला तर चालतं का? कंपनीचं तर काही जात नाही त्यात.

मधली_सुट्टी:
डिक्लाइनचं मी सांगते. प्रत्येक दुकानाला त्याच्या मुख्य धंद्याप्रमाणे एक चार आकडी कोड लावलेला असतो, मर्चंट कॅटेगरी कोड, आणि तुमच्या कंपनीने काही कोड बंद करून ठेवलेले असतात, दागिने, दारू, जुगार, एटीएममधून रोख काढणं वगैरे. मशीनला तुम्ही केबल घेताय की हार घेताय ते कळत नाही, त्याला फक्त दुकानाचा कोड दिसतो. आता जो माणूस मुळात करमणुकीचा धंदा करतो आणि बाजूला चार केबल विकतो त्याच्याकडे, त्याचा कोड बंद असेल तर, कार्ड अडणारच. पुन्हा पुन्हा स्वाइप करत बसू नका आणि स्वतःचं कार्ड काढून पण देऊ नका, कार्डवाल्या टीमला विचारा, खरंच गरज असेल तर ते कोड उघडून देतात. उलटंही लक्षात घ्या, कार्ड चाललं म्हणजे खर्च पॉलिसीत बसतो असं नव्हे.

लाल_पेन्सिल:
पॉइंटबद्दल: काही कंपन्यांना चालतं, पुष्कळ ठिकाणी साफ मनाई असते, म्हणून पॉलिसीत बघा आणि त्यात नसेल तर विचारून लेखी उत्तर ठेवा. कंपनीचं काही जात नाही असं वाटतं खरं, पण उद्या दोन दुकानांत एक महाग आणि पॉइंट देणारं असेल तर तुम्ही कुठे जाल हा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न माझ्यासारखा कोणीतरी विचारणारच. तसंच दुकान जवळच्या नातेवाइकाचं असेल तर भाव कितीही चांगला असू दे, आधी सांगून ठेवा. माल परत केला तर पैसे त्याच कार्डावर परत यायला हवेत, रोख किंवा तुमच्या नावाचं क्रेडिट व्हाउचर घ्यायचं नाही.

काठावरचा_माणूस:
म्हणजे पॉइंट पण नाहीत. मी म्हणत होतो ना :)

पासवर्ड_विसरलो:
सॉफ्टवेअरचं राहिलं. पहिला महिना फुकट म्हणून कार्ड टाकतात आणि मग ते दर महिन्याला कापत राहतं, वापरणारा माणूस कधीच टीम बदलून गेलेला असतो. जिथे जिथे कार्ड सेव्ह आहे त्याची एक साधी शीट ठेवा: काय आहे, कोण वापरतो, रिन्यू कधी. खातं तुमच्या नावाच्या मेलवर न काढता टीमच्या कॉमन मेलवर काढा. आणि सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी आयटीला विचारा, रक्कम लिमिटात असली तरी, कारण कंपनीचा डेटा कुठे जातोय ते तुमच्या कार्डाच्या लिमिटवरून ठरत नाही.

तुम्ही कधी टीम बदललीत किंवा नोकरी सोडलीत तर तीच शीट कामाला येते. कार्ड बंद व्हायच्या आधी ही सगळी सबस्क्रिप्शन्स दुसऱ्याच्या कार्डावर हलवायची असतात, नाहीतर कोणाला काही कळायच्या आत अर्ध्या टीमचं लॉगिन बंद पडतं.