यवतमाळात घरे प्रत्यक्षात किती रुपयांत विकली गेली, हे कुठे बघावे?

काळीमाती:
मुलींच्या कॉलेजसाठी यवतमाळात घर बघणे सुरू आहे. लोहारा, उमरसरा, वाघापूर या भागांत ३० × ५० फुटांच्या प्लॉटवरचे पंधरा-वीस वर्षे जुने घर चालेल. एकाच गल्लीतल्या दोन घरांच्या भावात दलाल दहा-दहा लाखांचा फरक सांगतात. जाहिरातींत तर मालकाची अपेक्षा तेवढी कळते. गेल्या वर्ष-दोन वर्षांत तिथे सौदे कितीत झाले, हे गावात बसून कळेल का? सोयाबीन विकून इसार द्यायचा विचार आहे, त्याआधी भाव समजून घ्यायचा आहे.

अर्जनवीस:
कळते भाऊ, आणि पैसेही लागत नाहीत. विक्रीपत्राची रजिस्ट्री झाली की त्याचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये चढतो, आणि ही सूची नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ नुसार कोणालाही पाहता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघडा. मोफत शोधात 'उर्वरित महाराष्ट्र' निवडून वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरा. कॅप्चा बरोबर टाकूनही पहिल्या वेळी बरेचदा नाकारला जातो, दुसऱ्यांदा टाका.

घोडे अडते ते गाव आणि मिळकत क्रमांकापाशी. आर्णी रोड, दारव्हा रोड ही बोलण्यातली नावे, दस्तात मौजा, म्हणजे महसुली गावाचे नाव असते. तुम्ही म्हणता ते तिन्ही भाग आधी स्वतंत्र ग्रामपंचायती होत्या, नंतर नगरपरिषदेत आले. म्हणून गावाच्या यादीत 'यवतमाळ' आणि मौजा, दोन्ही निवडून बघा. मिळकत क्रमांकाच्या रकान्यात कोणी सर्व्हे नंबर लिहितो, कोणी प्लॉट नंबर, कोणी घर क्रमांक. तिन्ही वेगवेगळे टाकून शोधा. ले-आउटचा सर्व्हे नंबर विकणाऱ्याच्या जुन्या विक्रीपत्रात सापडतो.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे सूची २ उघडते. रकाना १ मध्ये दस्ताचा प्रकार असतो. बक्षीसपत्र, हक्कसोड, गहाणखत बाजूला काढा, गहाणाचा आकडा म्हणजे घराची किंमत नव्हे. फ्लॅटचा आधी करारनामा आणि मग विक्रीपत्र, असे दोन दस्त असतील तर सौदा एकदाच धरा. शेरा आणि वर्णनात 'अविभक्त हिस्सा' लिहिलेले असेल तर ती रक्कम पूर्ण घराची नाही.

आता मुख्य गोष्ट. रकाना २ मोबदल्याचा आणि ३ बाजारभावाचा. हा बाजारभाव म्हणजे रेडीरेकनरची सरकारी किंमत, तिचा बाजाराशी फारसा संबंध नाही. दोन्ही आकडे अगदी सारखे, किंवा बाजारभावच पुढच्या हजारापर्यंत पूर्ण करून मोबदला लिहिलेला दिसला, तर दस्त रेकनरवरच लिहिला असण्याची शक्यता मोठी. तो भाव धरू नका. मोबदला बाजारभावापेक्षा बराच वर असेल आणि त्याच मिळकतीवर त्याच सुमारास बँकेचे गहाणही नोंदले असेल, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवा. कर्जाची रक्कम दस्तातल्या किमतीवर ठरते, त्यामुळे घेणाऱ्यालाही खरी किंमत लिहून हवी असते. असे चार-पाच दस्त सापडले की त्या भागाचा अंदाज येतो.

वीटमाती:
वरच्या उत्तरात भर घालतो. घराची एकरकमी किंमत एकमेकांशी ताडून बघू नका, जमीन आणि बांधकाम वेगळे करा. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असते, १ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फूट. तुमचा ३० × ५० चा प्लॉट दस्तात १३९.३५ चौ.मी. दिसेल.

उदाहरणापुरते आकडे घेतो. दस्त ३६ लाखांचा, प्लॉट १५०० चौ.फूट, बांधकाम ८४ चौ.मी. म्हणजे ९०४ चौ.फूट. तसेच बांधकाम आज नव्याने १,८०० रुपये फुटाने होते असे धरले तर १६.२७ लाख. वीस वर्षांच्या घराला त्याचे ६० टक्के धरले तर ९.७६ लाख. उरले २६.२४ लाख, म्हणजे प्लॉटचा भाव साधारण १,७५० रुपये फूट पडला. भिंतींना ओल असेल, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील तर ६० चे ४० करा. शेजारच्या दस्ताचेही असेच गणित मांडा. दहा लाखांच्या फरकाचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

नाही सापडले तर कागद बघा. एनए-टीपी ले-आउट (बिगरशेती परवानगी आणि नगररचनेची मंजुरी असलेला) आणि शेतीचे तुकडे पाडून विकलेला प्लॉट यांचा भाव एक नसतो, दुसऱ्यावर कर्ज मिळणे अवघड. जुन्या वस्तीत नझूलचा पट्टा, म्हणजे भाड्याने दिलेली सरकारी जमीन असेल तर आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) पट्ट्याची मुदत आणि हस्तांतरणाच्या अटी वाचा.

मौजा_लोहारा:
तारखाही बघा. रकाना ९ दस्त करून दिल्याचा, १० नोंदणीचा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवता येतो, आणि सौदा तर इसाराच्या वेळीच ठरलेला असतो. म्हणजे जूनमधल्या नोंदणीत आदल्या दिवाळीचा भाव असू शकतो. रेकनरचे दर २०२२ नंतर थेट १ एप्रिल २०२५ ला वाढले, नगरपरिषद-नगरपंचायत क्षेत्रात सरासरी ४.९७ टक्के. त्या तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दस्तांचे रकाना ३ एकमेकांशी जोडू नका.

काळीमाती:
उमरसऱ्याचे दस्त निघाले, धन्यवाद. निम्म्यांत रकाना २ आणि ३ सारखेच आहेत. एक मालकही तेच म्हणतो, रेकनरवर लिहू, वरचे नगदी द्या.

अर्जनवीस:
नका करू. मुद्रांक शुल्क मोबदला आणि बाजारभाव यांत जो जास्त त्यावर लागते, म्हणून आज थोडेफार वाचेल. पण कर्ज कमी मिळेल, आणि पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा कागदावरचा नफा फुगून कर तुम्हालाच भरावा लागेल. वाद झाला तर वरच्या पैशांचा पुरावा नाही. घराच्या सौद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो. देणारा-घेणारा दोघांचेही उत्पन्न शेतीचे आणि करपात्र उत्पन्न कोणाचेच नसेल तर सूट आहे, पण शहरात घर विकणारा सहसा त्यात बसत नाही. सोयाबीनचे पैसे खात्यात येऊ द्या, इसार चेकने किंवा आरटीजीएसने द्या आणि त्याचा क्रमांक इसारपत्रात लिहून घ्या.